मुंबईचा ज्यू वारसा पायी पाहताना: मराठवाड्यातून एका रविवारची वाट, आणि घरी परतल्यावर गव्हाच्या चिकाचा हलवा

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंची घरातली भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठी राहिली आहे. आडनावं दिवेकर, पेणकर, अष्टमकर, चेऊलकर, झिराडकर. सणांची जुनी नावं मराठी, प्रार्थनेच्या पुस्तकांचे अर्थ मराठीत, आणि १८८० च्या सुमारास या समाजात सुरू झालेलं कीर्तनही मराठीत, साकी-दिंडी-आर्यांसकट. विषय मात्र अब्राहाम, योसेफ, मोशे आणि एस्तेर राणीचे. नामदेव-एकनाथांच्या मुलुखातून जाणाऱ्या माणसाला हा वारसा परका वाटायचं कारण नाही. सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, दारात पहिलं वाक्य हिंदीत किंवा इंग्रजीत न बोलता मराठीत बोला, पुढचं बरंचसं काम सोपं होतं.

खाली दिलेली वाट एका दिवसाची आहे. रात्रीच्या गाडीने निघायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, दिवसभर फिरून रात्रीच्या गाडीने परतायचं. जेवणाचा भाग घरी आल्यावर स्वतःच्या स्वयंपाकघरात करायचा आहे, कारण बेने इस्रायली पदार्थ हे घरचे पदार्थ आहेत. हॉटेल शोधायच्या भरवशावर गेलात तर निराश व्हाल.

आधी तारीख ठरवा

इथेच बहुतेकांचं चुकतं. सुट्टी म्हणून शनिवार धरतात आणि बंद दारापुढे उभे राहतात. ज्यूंचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी अंधार पडल्यावर संपतो. त्या वेळात प्रार्थना असते, पाहुण्यांना फिरवणं नसतं, फोटो तर अजिबात नाही. कोकणात या लोकांचा धंदा तेलाच्या घाण्याचा होता आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. एवढी ही सुट्टी पक्की. शुक्रवारी दुपारनंतरही लोक तयारीत असतात. रविवार सगळ्यात बरा.

सप्टेंबर-ऑक्टोबरात नवं वर्ष, उपासाचा दिवस आणि मांडवांचा सण असे एकापाठोपाठ येतात, ते आठवडे टाळा. तारखा दर वर्षी हलतात, कारण पंचांग चांद्र-सौर आहे. आपल्यासारखाच त्यांच्यातही अधिक महिना येतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. म्हणून इंग्रजी तारीख पाठ करून उपयोग नाही, त्या वर्षीच्या हिब्रू पंचांगावरून सण कधी आहेत ते पाहून घ्या. मार्च-एप्रिलमधल्या वल्हांडणाच्या (पासओव्हरच्या) आठवड्यात गेलात तर पिशवीत पोळी, धपाटे, बिस्किटं असं काही घेऊन आत जाऊ नका. त्या आठ दिवसांत फुगलेल्या, आंबलेल्या धान्याचा कणही त्यांच्या वास्तूत चालत नाही.

परवानगी

निदान दोन आठवडे आधी प्रत्येक सिनेगॉगच्या विश्वस्तांना किंवा कार्यालयाला कळवा. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये कुलाब्याच्या ज्यू केंद्रावर झालेल्या हल्ल्यानंतर सगळीकडे बंदोबस्त वाढला आहे. नाव न कळवता आलेल्या दहा जणांच्या घोळक्याला दारातून परत पाठवलं तर त्यात रखवालदाराचा दोष नाही. निरोप लांबलचक नको. असा पुरतो:

‘नमस्कार. आम्ही लातूरहून आठ जण (पाच पुरुष, तीन स्त्रिया) अमुक तारखेच्या रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास सिनेगॉग पाहण्यासाठी येऊ इच्छितो. सर्वांकडे मूळ ओळखपत्र असेल. फोटो विचारल्याशिवाय काढणार नाही. प्रार्थनेला अडथळा होऊ नये म्हणून आपल्या सोयीची वेळ कळवावी. सोबत नावांची यादी.’

यादीत नावं ओळखपत्रावर आहेत तशीच लिहा. आधारवर ‘पांडुरंग’ आणि यादीत ‘बाळासाहेब’ असलं की दारात वीस मिनिटं जातात. आठ-दहा जणांपेक्षा मोठा गट नेऊ नका. आतली जागा लहान असते आणि ती पूजेची जागा आहे.

निघताना

जालना, परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगरकडच्यांना देवगिरी एक्सप्रेस सोयीची, ती सकाळी मुंबई सीएसएमटीला पोचते. लातूर-धाराशिवकरांना लातूरकडून येणारी रात्रीची गाडी आहे. दोन्ही परतीच्या गाड्या रात्री नऊच्या आसपास निघतात, म्हणून तिकीट जाण्या-येण्याचं एकदमच काढा. रविवारी रात्री परतणाऱ्यांची गर्दी असते. सीएसएमटीच्या अमानती सामान घरात बॅगा ठेवता येतात, पण कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. एक छोटं कुलूप घरूनच न्या. मोठी बॅग पाठीवर घेऊन सिनेगॉगला जायचंच नाही.

पिशवीत एवढंच असू द्या: मूळ ओळखपत्र, पाण्याची बाटली, पुरुषांसाठी टोपी. डोकं झाकणं आवश्यक आहे. बहुतेक ठिकाणी छोटी गोल टोपी देतात, पण आपली पांढरी गांधी टोपी किंवा मोठा रुमालही चालतो. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. चपला काढायच्या की नाही, ते दारात विचारा.

पहिला मुक्काम: मशीद बंदर

सीएसएमटीवरून धीम्या लोकलने एकच स्टेशन, मशीद. जलद गाडी इथे थांबत नाही. पश्चिमेला बाहेर पडून सॅम्युअल स्ट्रीट विचारा. आठवड्याच्या दिवशी हा सगळा भाग घाऊक बाजाराचा. हातगाड्या, हमाल, सुक्या मेव्याची आणि मसाल्याची पोती, चालायलाही जागा नाही. रविवारी दुकानं बंद असतात आणि रस्ता मोकळा मिळतो. वर मान करून जुन्या इमारतींचे लाकडी सज्जे बघता येतात. या भागाला इस्रायल मोहल्ला म्हणत.

‘शआर हारहामीम’, म्हणजे दयेचं द्वार, हे मुंबईतलं सर्वांत जुनं सिनेगॉग. १७९६ मध्ये ते सॅम्युअल इझेकिएल दिवेकर यांनी बांधलं, १८६० मध्ये सध्याच्या जागी आलं. दिवेकरांना घरात सामाजी हसाजी म्हणत. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते आणि म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. टिपूच्या आईने ‘बेने इस्रायल’ हे नाव ऐकलं, ते कुराणात येतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने रदबदली केली आणि त्यांचा जीव वाचला, अशी समाजात चालत आलेली कथा आहे. सुटून आल्यावर नवस फेडावा तसं त्यांनी हे प्रार्थनामंदिर बांधलं. रस्त्याचं नाव त्यांच्यावरून पडलं. बेने इस्रायली लोक आपल्या सिनेगॉगला पूर्वी ‘मशीद’च म्हणत, आणि स्टेशनचं नाव या जुन्या मशिदीवरून आलं, असंही सांगतात.

इथे निदान पाऊण तास द्या. दाराच्या उजव्या चौकटीवर तिरकी बसवलेली छोटी डबी दिसेल, ती मेझुझा. तिच्यात चामड्यावर हाताने लिहिलेला धर्मग्रंथातला उतारा असतो. आत गेल्यावर आधी दिशा ओळखा. तोराहच्या, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवलेलं पवित्र कपाट पश्चिमेच्या भिंतीला असतं, कारण मुंबईहून यरुशलेम पश्चिमेला आहे. मधोमध कठडा असलेला चौथरा, तिथे उभं राहून वाचन होतं. कपाटापुढे एक दिवा कायम तेवत असतो. स्त्रियांची बसायची जागा वर सज्जात. कुठेतरी एक रिकामी खुर्ची राखलेली दिसेल. ती एलियाहू संदेष्ट्याची, मुलाच्या सुंतेच्या वेळी तो येऊन बसतो या श्रद्धेने ठेवलेली. तिच्यावर चुकूनही बसू नका. कपाट उघडा असा आग्रह धरू नका, आणि गुंडाळ्यांना हात लावायचा नाही.

मग भिंतीवरच्या पाट्यांकडे वळा. मराठी माणसाला सगळ्यात जास्त हाताशी लागतं ते इथेच. दानाच्या आणि स्मरणाच्या संगमरवरी पाट्यांवर हिब्रू, मराठी, इंग्रजी एकाखाली एक असतात. वाचायची रीत अशी: आधी आडनावातला ‘कर’ काढून गाव ओळखा. चेऊलकर चौलचे, झिराडकर झिराडचे, पेणकर पेणचे, केहिमकर किहीमचे. हिंदी सिनेमातले प्रसिद्ध नट डेव्हिड यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहाम चेऊलकर होतं, हे आठवलं तर पाटी लगेच ओळखीची वाटते. मग पहिलं नाव. जुन्या पिढीत अब्राहामचा आबाजी, मोशेचा मुसाजी, सॅम्युअलचा सामाजी झालेला असतो. शेवटी साल. हिब्रू साल मिळालं तर त्यातून ३७६० वजा करा, इसवी सन येतो. ५५५६ म्हणजे १७९६. नवं हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात लागतं, म्हणून इंग्रजी वर्षाच्या शेवटच्या तीन-चार महिन्यांतली तारीख असेल तर ३७६१ वजा करायचे. बरोबर मुलं असतील तर त्यांच्या हातात वही द्या. पाच पाट्यांवरची गावं उतरवून घरी नकाशात शोधायची, एवढं काम त्यांना पुरतं.

बोलताना एक पथ्य. भेटलेल्या माणसाला इस्रायलच्या राजकारणावर छेडू नका. ‘तुम्ही ख्रिश्चनांपैकीच ना’ हेही नको. सण कसे करता, मूळ गाव कोणतं, कीर्तन ऐकलंय का, हे विचारा.

भायखळा

मशीदवरून परत लोकल. इथे मराठवाड्यातून आलेला माणूस हमखास फसतो. मशीद स्टेशनात हार्बर मार्गाच्या गाड्याही येतात आणि त्या सँडहर्स्ट रोडनंतर डॉकयार्ड रोडकडे वळतात, भायखळ्याला जात नाहीत. कल्याण-ठाणे बाजूची धीमी गाडीच पकडा. भायखळा दुसरं स्टेशन. रविवारी रुळांच्या कामासाठी मेगाब्लॉक असतो, कोणता मार्ग बंद आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा. ब्लॉक आडवा आला तर टॅक्सी करा.

स्टेशनाच्या पश्चिमेला बाहेर पडून सर जे. जे. रोडने दहाएक मिनिटं चाललं की मागेन डेव्हिड सिनेगॉग लागतं. उंच खांब, घड्याळाचा मनोरा, मोठं आवार. मशीद बंदरचं बघून आलेल्या डोळ्यांना फरक लगेच कळतो, आणि तो कळावा म्हणूनच हा क्रम ठेवला आहे. हे बगदादी ज्यूंचं. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास बगदादहून बुशहरमार्गे मुंबईत आले. कापूस आणि अफूच्या व्यापारात घराणं अफाट वाढलं. त्या पैशातून शाळा, दवाखाने, वाचनालयं उभी राहिली, पण तो पैसा चीनला जाणाऱ्या अफूतूनही आला, हे मुलांना सांगताना गाळू नये. १८६४ मध्ये बांधलेलं हे सिनेगॉग पुढे १९१० मध्ये जेकब ससून यांनी वाढवलं. आवारातल्या ससून शाळांत आज बहुसंख्य मुलं आसपासच्या मुस्लिम वस्तीतली आहेत. बगदाद्यांची भाषा अरबी, पुढे इंग्रजी. बेने इस्रायलींशी त्यांचं मिसळणं कमीच होतं. म्हणून इथे पाट्यांवर कोकणातली गावं शोधू नका.

बाहेर पडून स्टेशन ओलांडा आणि पूर्वेला राणीच्या बागेकडे या. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा आहे, आणि बागेत तो खरा काळा घोडा: प्रिन्स ऑफ वेल्सचा घोड्यावरचा पुतळा. अल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला हा पुतळा १८७९ पासून फोर्ट भागात उभा होता, १९६५ मध्ये इथे आणला गेला. मुंबईत ज्या चौकाला ‘काळा घोडा’ म्हणतात तिथे आज स्वाराशिवायचा घोडा आहे, तो २०१७ चा. बाग आणि संग्रहालय बुधवारी बंद असतात. रविवारी गर्दी असते, पण पुतळ्याला पंधरा मिनिटं पुरे.

दुपारचं जेवण इथेच उरका. घरचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी बरोबर असेल तर बागेबाहेर सावलीत बसून खा, सिनेगॉगच्या आवारात शिदोरी सोडू नका. आत काय खाल्लं जातं याचे नियम आहेत आणि नको ती गोष्ट तिथे सांडली तर स्वच्छतेचा प्रश्न उरत नाही, धर्माचा होतो.

पाय शाबूत असतील तर टॅक्सीने सात रस्त्याला जा. तिथलं तिफेरेथ इस्रायल हे बेने इस्रायलींचं, १९२४ च्या इमारतीतलं. जवळच आग्रीपाड्यात मागेन हसीदीम आहे. जेकब सर्कल या नावावरून हा चौक ज्यू माणसाच्या नावाचा असावा, असं अनेक जण धरून चालतात. तो जॉर्ज ल ग्रँड जेकब या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या नावाचा होता, आणि आज त्याचं नाव संत गाडगे महाराज चौक आहे. पुढे महालक्ष्मीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रोड मात्र खरोखर बेने इस्रायली माणसाच्या नावाचा: डॉ. एलिजा मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर होते. वेळ कमी असेल तर हा टप्पा गाळा. चार सिनेगॉग एका दिवसात पाहिली की कोणतं कुठलं, ते रात्री गाडीत बसल्यावर आठवत नाही.

काळा घोडा आणि फोर्ट

भायखळ्याहून लोकलने सीएसएमटी, तिथून वीस मिनिटं पायी. महात्मा गांधी मार्गावरचं पिवळ्या मालाड दगडातलं डेव्हिड ससून वाचनालय १८७० मध्ये पुरं झालं. सभासद नसाल तरी प्रवेशाजवळचा ससून यांचा संगमरवरी पुतळा विचारून पाहता येतो. पगडी आणि लांब झगा बघा. मुलं-नातवंडं सुटाबुटात गेली, म्हाताऱ्याने बगदादचा पोशाख सोडला नव्हता.

तिथून दोन-तीन मिनिटांवर, आतल्या रस्त्यावर, क्नेसेत एलियाहू. जेकब ससून यांनी १८८४ मध्ये वडील एलियास यांच्या स्मरणार्थ बांधलेलं. वर्षानुवर्षं ही इमारत फिकट निळी होती आणि जुन्या फोटोंत तशीच दिसते. २०१९ मध्ये डागडुजी पुरी झाल्यावर तिला पांढरट रंग आणि गडद निळ्या रेघा आल्या. निळी इमारत शोधत शेजारून निघून जाणारे लोक असतात, लक्ष ठेवा. दुपारी तीन-चारच्या सुमारास आत असा. रंगीत काचांमधून येणारा उजेड तेव्हा फरशीवर पडतो. फरशीच्या टाइल्स इंग्लंडहून आलेल्या आहेत, त्यांच्यावरून पावलं जपून टाका.

कुलाब्याचा ससून डॉक (१८७५) अनेकांना शेवटी गाठायचा असतो. तो पहाटेच्या मासळी बाजाराचा धक्का आहे. संध्याकाळी तिथे बघण्यासारखं थोडं, आणि फोटो काढायला बंदी. वेळ उरला तर समुद्रावर बसा आणि आठच्या आधी सीएसएमटी गाठा.

दुसरा दिवस हाती असेल तर अलिबाग. गेटवेवरून मांडव्याची बोट, पुढे इस्रायल आळीतलं १८४८ चं मागेन अबोथ, आणि नवगावची दफनभूमी. पूर्वजांचं जहाज तिथे फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या, अशी समाजाची परंपरा सांगते. बीड-धाराशिवकडच्यांना मुंबई जड वाटत असेल तर पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड, जवळ पडतं. आवारात डेव्हिड ससून यांची कबर आहे.

घरी आल्यावर: चिकाचा हलवा

ज्यू नव्या वर्षाला बेने इस्रायली घरांत गव्हाच्या चिकाचा हलवा होतो. मराठवाड्याच्या बायकांना चीक शिकवायची गरज नाही, उन्हाळ्यात कुरडयांसाठी तो घरोघरी निघतोच. फरक पुढे आहे. आपला हात लगेच तुपाकडे जातो, आणि इथे तूप किंवा दूध घालायचंच नाही. त्यांच्या धर्मात मांस आणि दूध एका जेवणात येत नाहीत. सणाच्या जेवणात मटण असतं, मग त्यावर खायचं गोड दुधाशिवाय हवं. नारळाचं दूध या स्वयंपाकात आलं आणि मुरलं ते त्यामुळे, शिवाय कोकणात नारळ दारातच. तूप घातलं तर हलवा छान होईल, पण तो हा पदार्थ राहणार नाही.

गहू अर्धा किलो धुऊन तीन दिवस भिजवा. पाणी रोज सकाळी बदला. उन्हाळ्यात दोन वेळा बदला, नाहीतर आंबट वास धरतो आणि साखरेनेही तो झाकत नाही. चौथ्या दिवशी पाणी घालून वाटा, जाड फडक्यातून पिळा, चोथा पुन्हा थोड्या पाण्यात वाटून पिळा. पातेलं रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी वरचं पाणी अलगद ओता, खाली पांढरा घट्ट चीक बसलेला असतो.

एका ताटाच्या हलव्याला लागेल: घट्ट चीक १ वाटी, नारळाचं दूध ४ वाट्या, साखर पावणेदोन वाट्या, मीठ चिमूटभर, वेलदोड्याची पूड अर्धा चमचा, बदाम-पिस्त्याचे काप मूठभर, हवा असेल तर खायचा गुलाबी रंग थेंबभर. दुधासाठी दोन मोठे नारळ घ्या. खवून कोमट पाणी घालून वाटा आणि पिळा, दोनदा. आपल्याकडच्या बाजारात नारळ बरेच दिवस पडून असतात. हलवून आत पाणी वाजतंय ना बघा आणि फोडल्यावर वास घ्या. खवट नारळाने अख्खं ताट वाया जातं.

गॅस पेटवायच्या आधी चीक, नारळाचं दूध, साखर आणि मीठ जाड बुडाच्या पातेल्यात गार असतानाच एकजीव करा आणि गाळा. गरम दुधात चीक ओतला की गुठळ्या होतात आणि मग त्या मोडत नाहीत. मध्यम आंचेवर ठेवा आणि हात थांबवू नका. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, मग एकाएकी तळाशी घट्ट येऊ लागतं. तेव्हाच आंच कमी करा, लाकडी उलथन्याने तळ खरवडत राहा. पाऊण तास ते तास लागतो. आधी पांढरट, पिठूळ दिसणारं मिश्रण हळूहळू चकचकीत आणि थोडं पारदर्शक होतं, पातेल्याच्या कडा सोडतं आणि उलथन्याभोवती एक गोळा फिरतो. थेंब ताटलीत टाका. मिनिटभराने बोटाला चिकटला नाही तर झाला. घाईत लवकर उतरवला की वड्या पडत नाहीत आणि चावताना कच्च्या चिकाची चव येते, सगळ्यात जास्त फसतं ते इथेच. वेलदोडा शेवटी घाला. ताटाला खोबरेल तेलाचा हात लावून ओता, वरून सुका मेवा दाबा. तीन-चार तास गार होऊ द्या, मगच ओल्या सुरीने चौकोनी वड्या कापा.

मलिदा

आपल्याकडे पिराला किंवा दर्ग्यात पोळी कुस्करून, गूळ घालून मलिदा देतात. बेने इस्रायलींचा मलिदा पोह्यांचा. नवस फेडताना, लग्नाआधी, घरात काही चांगलं झालं की एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने तो करतात. ही प्रार्थनेची गोष्ट आहे, म्हणून पदार्थ शिकावा, आशीर्वाद म्हणण्याची नक्कल करू नये.

आठ-दहा जणांना जाड पोहे अर्धा किलो, दोन नारळ खोवून, साखर पाव किलोच्या आत, वेलदोडे दहा, जायफळ पाव, काजू-बदाम-मनुका मिळून शंभर ग्रॅम, चिमूटभर मीठ. पोहे चाळणीत घेऊन दोनदा पाण्याखाली धरा आणि निथळत ठेवा, बुडवून ठेवू नका. पातळ पोहे घेतले तर लगदा होतो. दहा मिनिटांनी दाणा बोटात दबला पाहिजे पण आकार मोडायला नको. मग खोबरं हलक्या हाताने मिसळा. साखर वाढायच्या पाव तास आधीच घाला. आधी घातली तर खोबऱ्याचं पाणी सुटून तळाशी पाक साचतो.

मोठ्या ताटात मधोमध पोह्यांचा ढीग, भोवती निदान पाच फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. खजूर आणि केळी असतातच. बाकीची आपल्या भागातली चालतात: जालन्याची मोसंबी, डाळिंब, सीताफळाचे दिवस असतील तर बालाघाटची सीताफळं. खाण्याचा क्रम ठरलेला असतो. झाडाच्या फळांचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून येणाऱ्यांचा वेगळा, सुगंधाचा वेगळा. केळ जमिनीच्या फळांत धरतात, कारण केळीचं खोड दर वेळी नव्याने उगवतं, तिला लाकडी झाड मानत नाहीत. केळी आधी कापून ठेवू नका, काळी पडतात.

बरोबर काळ्या मनुकांचं सरबत करा. शुक्रवारच्या संध्याकाळी द्राक्षारसाऐवजी हेच घेतात. पाव किलो बिनबियांच्या काळ्या मनुका धुऊन एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळा, गार झाल्यावर कुस्करून फडक्यातून गाळा. साखर लागत नाही. फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा, तिसऱ्या दिवशी फसफसू लागतं.

मटणाचा रस्सा करायचा असेल तर नारळाच्या दुधातला करा, दही नको. त्यांच्या घरी मांस अर्धा तास पाण्यात, मग खडं मीठ लावून तासभर उतरत्या पाटावर, आणि मग तीन वेळा धुऊन घेतात, रक्त निघून जावं म्हणून. जनावर कापणाराही त्यांचा शिकलेला माणूस लागतो, त्यामुळे बाजारातल्या मटणाला मीठ लावलं तरी ते कोशेर, म्हणजे त्यांच्या धर्मनियमाने चालणारं, होत नाही. कुणी बेने इस्रायली पाहुणा घरी येणार असेल तर मांसाच्या भानगडीत पडू नका. तो भांड्यांचेही नियम पाळत असेल, म्हणून काय चालतं ते आधी विचारून घ्या, आणि साल न काढलेली फळं तर ठेवाच.

हलव्याच्या वड्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाहेर एक दिवसच टिकतात, फ्रिजमध्ये चार-पाच दिवस. फ्रिजमधून काढल्यावर त्या कडक लागतात. अर्धा तास बाहेर ठेवून मग वाढा.